‘व्हायकिंग्ज’ मालिका: चाहत्यांना नेहमी पडणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, पुढच्या उत्तरांत कोण कधी मरतं, कोण कोणाला फसवतं, सगळं उघड आहे. मालिका पाहायची असेल तर आधी पाहून घ्या, मग या. नावांच्या उच्चारांवरून कृपया भांडू नका. आयव्हार म्हणा, ईवार म्हणा, आम्हाला कळतं.

मालिका नेमकी कोणती? एकूण किती आहे?

मायकेल हर्स्टने लिहिलेली ‘व्हायकिंग्ज’. ‘हिस्टरी’ वाहिनीवर ३ मार्च २०१३ रोजी सुरू झाली. ६ सीझन, ८९ एपिसोड. पहिला सीझन फक्त ९ भागांचा, दुसरा-तिसरा १०-१० चे आणि चौथ्यापासून प्रत्येकी २०. शेवटचे १० भाग ३० डिसेंबर २०२० रोजी आधी ‘अ‍ॅमेझॉन प्राइम’वर आले आणि टीव्हीवर नंतर. सगळे भाग एकाच माणसाने लिहिले आहेत. एवढ्या लांबीच्या मालिकेत असं सहसा होत नाही. तिची ताकद त्यात आहे आणि शेवटी शेवटी जाणवणारा थकवाही त्यातूनच आला, असं आपलं माझं मत.

रॅग्नार लोथब्रोक खरंच होऊन गेला का?

मालिकेच्या या नायकाबद्दल हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं हो-नाही असं उत्तर देता येत नाही.

बखर आणि समकालीन कागद यांतला फरक मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस म्हणून. मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. दोन्ही बखरीच, पण वजन सारखं नाही. रॅग्नारची गाथा या हिशेबात चिटणीसांच्याही पलीकडे जाते. ती आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिली गेली. डेन्मार्कचा सॅक्सो ग्रामॅटिकस हा लेखक त्याच्या थोडा आधीचा, साधारण १२०० च्या आसपासचा. म्हणजे ज्या घटनांबद्दल ते बोलतात त्या साडेतीनशे-चारशे वर्षं जुन्या झालेल्या.

मग समकालीन काय आहे? ८४५ साली रेगिनहेरुस नावाचा एक सरदार सेन नदीतून पॅरिसवर चालून आला. राजा चार्ल्स ‘द बॉल्ड’ याने त्याला ७,००० पौंड चांदी देऊन परत पाठवलं. ही फ्रँक पाद्र्यांची त्या काळातली नोंद आहे. हा रेगिनहेरुस म्हणजेच रॅग्नार का? असेल. पण त्याच नोंदींच्या परंपरेत तो परतल्यावर लवकरच रोगाने मेला असंही येतं. मग गाथेत ज्यात टाकून त्याला मारतात त्या सापांच्या खड्ड्याचं काय करायचं? दुसरीकडे, ८६५ साली इंग्लंडवर उतरलेल्या मोठ्या सैन्याचे काही सरदार खरे होते, त्यांची नावं इंग्रज आणि आयरिश नोंदींत आहेत, आणि पुढच्या काळात त्यांना ‘लोथब्रोकचे मुलगे’ म्हटलं गेलं. मुलगे इतिहासातले आणि बाप दंतकथेतला, अशी ही गंमत आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते दोन-तीन माणसांची कर्तबगारी एका नावावर जमा होत गेली असावी.

म्हणून कोणत्याही पात्राबद्दल ‘खरं की खोटं’ असं विचारण्याआधी ‘हे कोणी लिहिलं आणि किती वर्षांनी’ हे विचारा. चाहत्यांची निम्मी भांडणं एवढ्यावर मिटतात. उरलेली निम्मी लगर्था आणि अस्लॉग या रॅग्नारच्या दोन बायकांवरून असतात, त्यांना औषध नाही.

मालिकेतला काळ जुळतो का?

अजिबात नाही, आणि हिशेब मांडला तर हसू येतं. लिंडिसफार्नच्या मठावरचा हल्ला ८ जून ७९३ चा. त्या दिवशी रॅग्नार २५ वर्षांचा धरू. पॅरिसच्या वेळी, ८४५ साली, तो ७७ वर्षांचा होतो. त्याचा सूड घ्यायला मोठं सैन्य येतं ते ८६५ मध्ये, म्हणजे सापांच्या खड्ड्यात पडताना वय ९७ च्या घरात! वेसेक्सचा राजा एक्बर्ट खऱ्या इतिहासात ८३९ सालीच वारला. त्याचा नातू आल्फ्रेड जन्मला ८४९ मध्ये, आजोबा गेल्यावर दहा वर्षांनी. मालिकेत हाच आजोबा नातवाला मांडीवर घेऊन राज्यकारभार शिकवतो.

हर्स्टने दीडशे-दोनशे वर्षांचा काळ एका घराच्या दोन पिढ्यांत दाबून बसवला. ज्यांना हे चालत नाही त्यांना मालिका पहिल्या सीझनमध्येच खटकते. मला चालतं, कारण त्यामुळे रॅग्नार आणि एक्बर्ट एका खोलीत येतात. ते दोघे एका खोलीत नसते तर या मालिकेत काय उरलं असतं?

रोलो हा रॅग्नारचा भाऊ होता?

नव्हता. रोलोला ९११ साली सेनच्या मुखाजवळचा प्रदेश मिळाला, तोच पुढे नॉर्मंडी झाला. विल्यम ‘द काँकरर’ त्याचाच वंशज. लिंडिसफार्न आणि हा तह यांत ११८ वर्षांचं अंतर आहे, तेव्हा भाऊबंदकीचा प्रश्नच येत नाही.

मालिकेतला सम्राट चार्ल्स म्हणजे तीन चार्ल्स एकत्र कालवले आहेत: ८४५ चा ‘बॉल्ड’, ८८५-८६ च्या मोठ्या वेढ्याच्या वेळचा ‘फॅट’ आणि ९११ चा ‘सिम्पल’. काउंट ओडो या दुसऱ्या वेढ्यातला, आणि तो चाबकाखाली मेला नाही. पॅरिस लढवल्याच्या पुण्याईवर ८८८ मध्ये तो स्वतः राजा झाला. पॅरिसला वळसा घालून जहाजं जमिनीवरून ओढत नेण्याला मात्र इतिहासाचा आधार आहे. उभ्या कड्यावर दोरांनी जहाजं चढवणं ही मालिकेची करामत.

पश्चिमेला जमीन आहे हे व्हायकिंगांना खरंच माहीत नव्हतं?

पहिल्या सीझनचा सगळा डोलारा यावर उभा आहे. गावचा सरदार अर्ल हॅराल्डसन पूर्वेलाच जा म्हणतो, रॅग्नार सूर्यफळी आणि सूर्यमणी ही दिशा शोधायची साधनं घेऊन पश्चिमेला निघतो. नाट्य उत्तम, इतिहास कच्चा. इंग्रज नोंदींनुसार ७८९ च्या सुमारासच तीन जहाजं दक्षिण इंग्लंडच्या पोर्टलंडला लागली होती. ते व्यापारी असतील असं समजून राजाचा अधिकारी चौकशीला गेला आणि मारला गेला. व्यापारी समजून, हे लक्षात घ्या. म्हणजे ये-जा होती.

त्याहून बोलका पुरावा अल्क्विनचा. लिंडिसफार्नची बातमी ऐकून या विद्वान पाद्र्याने नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्र लिहिलं. त्यात शोक आहेच, पण एक टोमणाही आहे: तुम्हीच तर दाढी आणि केस ठेवण्यात या मूर्तिपूजकांची नक्कल करत होतात! ज्यांना कधी पाहिलंच नाही त्यांच्या केसांची फॅशन कोण उचलतं?

अ‍ॅथेलस्टन खरा होता का? आणि चाहते त्याच्याबद्दल एवढे हळवे का?

मालिकेतला हा साधू खरा नव्हता. नाव मात्र अस्सल सॅक्सन आहे, आल्फ्रेडच्या थोरल्या भावाचं आणि पुढे नातवाचंही तेच. मालिकेत आल्फ्रेड हा अ‍ॅथेलस्टन आणि जुडिथ यांचा मुलगा दाखवलाय, ती शुद्ध कल्पना. आल्फ्रेडची आई ऑस्बुर. खरी जुडिथ मालिकेतल्यासारखी नॉर्थम्ब्रियाचा राजा एला याची नव्हे, चार्ल्स ‘द बॉल्ड’ची मुलगी. आल्फ्रेडचा बाप एथेलवुल्फ याने उतारवयात तिच्याशी दुसरं लग्न केलं तेव्हा ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती.

आता हळवेपणाचं. दुसऱ्या एपिसोडमधला तो प्रसंग पुन्हा पाहा. मठ लुटला जातोय, सोन्याचे क्रूस आणि चांदीची भांडी गोळा होताहेत. एका कोपऱ्यात लपलेला तरुण साधू छातीशी काय धरून बसलाय तर एक पुस्तक. त्या साधूला रॅग्नारची भाषा येते. रॅग्नार मारायला उचललेला हात थांबवून विचारतो की एवढं सगळं सोडून तू हेच का वाचवलंस. बाकी सगळे लुटीत गुंतलेत आणि हा एकटा कुतूहलात. मालिकेचा रॅग्नार त्या एका प्रश्नात कळतो. तो क्रूर आहे, मतलबी आहे, पण दुसऱ्याच्या देवाबद्दल त्याला खरोखर जाणून घ्यायचं असतं.

पुढचे तीन सीझन या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातात. साधू हळूहळू हातात बाहीबंद घालतो, उप्सालाच्या मूर्तिपूजकांच्या देवळात जातो, लढायला शिकतो, परत क्रूसाकडे वळतो. रॅग्नार उलट दिशेने त्याच्याजवळ सरकतो. रॅग्नारचा जहाजं बांधणारा मित्र फ्लोकी याला हे सहन होत नाही. तिसऱ्या सीझनच्या सहाव्या भागात तो कुऱ्हाड घेऊन येतो, आणि अ‍ॅथेलस्टन प्रतिकार करत नाही. रॅग्नार ते शरीर स्वतः खांद्यावरून डोंगरावर नेतो आणि पुरतो. त्यानंतर मालिकेत लढाया मोठ्या झाल्या, जहाजं वाढली, पण तसं बोलणारं माणूस पुन्हा मिळालं नाही. एक्बर्टमुळे थोडी भरपाई झाली इतकंच.

लगर्थासारख्या लढवय्या बायका होत्या का?

लगर्था सॅक्सोच्या ग्रंथात आहे. केस मोकळे सोडून पुरुषांच्या पुढे लढते, रॅग्नार तिच्या प्रेमात पडतो, पुढे सोडूनही देतो. तरी ती त्याच्या मदतीला जहाजं घेऊन येते. पुढे आपल्या नव्या नवऱ्याला मारून सत्ता हातात घेते, तेही सॅक्सोचंच आहे, पटकथाकाराचं नाही. अर्थात सॅक्सो म्हणजे पुन्हा उशिराचा लेखक.

जमिनीतला पुरावा हवा असेल तर स्वीडनमधलं बिर्का. तिथलं बीजे ५८१ हे थडगं १८७८ मध्ये उघडलं गेलं. तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन घोडे, सोबत पटावरच्या खेळाच्या सोंगट्या. मोठा सेनानी असणार, म्हणजे पुरुषच असणार, असं कोणी फारशी शंका न घेता धरून चाललं. २०१७ मध्ये डीएनए तपासणीत ती बाई निघाली. यावरून बायकांच्या पलटणी होत्या असं कोणी म्हणू नये, शस्त्रांसह पुरलेली प्रत्येक व्यक्ती लढलीच असेल असंही नाही. पण ‘असं शक्यच नाही’ म्हणणाऱ्यांची आता पंचाईत झाली आहे.

लगर्था साकारणारी कॅथरिन विनिक लहानपणापासून तायक्वांदोची ब्लॅक बेल्ट आहे. तिची ढाल धरण्याची ढब उगाच खरी वाटत नाही.

अस्लॉगचं ते मासेमारीचं जाळं आणि सफरचंद काय प्रकरण आहे?

रॅग्नार कोडं घालतो: अंगावर कपडे नसावेत पण उघडीही नसावीस, उपाशी नसावीस पण जेवलेलीही नसावीस, एकटी नसावीस पण सोबत माणूसही नसावं. ती जाळं गुंडाळून, सफरचंद खात, कुत्रा घेऊन येते. हे जवळपास जसंच्या तसं गाथेतून उचललंय. फक्त तिथे सफरचंद नाही, कांद्याच्या जातीची पात आहे. कॅमेऱ्याला ती शोभली नसती बहुधा.

‘ब्लड ईगल’ खरंच करत होते?

पाठ चिरायची, बरगड्या कण्यापासून तोडून पंखांसारख्या उघडायच्या, फुप्फुसं बाहेर काढायची. मालिकेत हे यार्ल बोर्गच्या आणि नंतर एलाच्या वाट्याला येतं. एलाबद्दल एका जुन्या कवितेत इतकंच म्हटलंय की रॅग्नारचा मुलगा आयव्हार याने त्याच्या पाठीवर गरुड कोरला. एका अभ्यासपक्षाचं म्हणणं असं की मूळ अर्थ फक्त ‘प्रेत गरुडाच्या तोंडी दिलं’ इतकाच होता, नंतरच्या लेखकांनी तो शब्दशः घेऊन तिखटमीठ लावलं. शरीरशास्त्राच्या अंगाने पाहणारे म्हणतात की करणं अशक्य नव्हतं, पण माणूस बराच आधी मेला असता. करता येणं आणि केलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. एला ८६७ मध्ये यॉर्कच्या लढाईत मारला गेला, एवढंच समकालीन नोंदींतून निघतं.

उप्सालाचा नरबळी?

ब्रेमेनच्या अ‍ॅडमने अकराव्या शतकात लिहिलंय: दर नऊ वर्षांनी उत्सव, प्रत्येक जातीचे नऊ नर बळी, प्रेतं पवित्र राईत टांगलेली. अ‍ॅडम ख्रिस्ती पाद्री, स्वतः तिथे गेलेला नाही. तेव्हा जपूनच विश्वास ठेवावा. मालिकेतलं देऊळ धुक्याच्या डोंगरात आहे, खरं गामला उप्साला सपाट जागी आहे, मोठ्या दफनटेकड्यांच्या शेजारी.

अर्ल हॅराल्डसनच्या अंत्यविधीचा प्रसंग मात्र याहून भक्कम आधारावर उभा आहे. जहाजावर प्रेत, सोबत जायला स्वतःहून तयार झालेली दासी, तिला उचलून पलीकडचं जग ‘दाखवणं’, मृत्युदेवता म्हणवणारी म्हातारी, हे सगळं इब्न फदलान नावाच्या बगदादच्या दूताने ९२२ च्या सुमारास व्होल्गाकाठी डोळ्यांनी पाहून लिहिलं. तो प्रसंग नीट पाहिलात तर जाणवेल की पटकथेपेक्षा तो दूत जास्त भयंकर आहे, कारण तो निर्विकारपणे लिहितो.

कानाजवळ तासलेले केस, गोंदण, डोळ्यांत काजळ. हे फॅशन डिझायनरचं ना?

पूर्ण नाही. हेडेबी या बंदरात आलेल्या अंदालुसियाच्या एका प्रवाशाने बायका-पुरुष दोघेही डोळ्यांना रंग लावतात असं दहाव्या शतकात लिहिलंय. मान उघडी आणि डोळ्यांवर केस अशा ‘डॅनिश’ धाटणीची तक्रार एका इंग्रज पाद्र्याच्या पत्रात आहे. फणी तर त्यांच्या थडग्यांत वारंवार सापडते. काळ्या चामड्याचे ते घट्ट कपडे मात्र खास टीव्हीचे. रोजच्या अंगावर लोकर आणि लिनन, तेही जमेल तितक्या भडक रंगात.

शिंगांचं शिरस्त्राण का नाही?

कारण ते नव्हतंच. वाग्नरच्या ऑपेराच्या १८७६ च्या प्रयोगातल्या वेशभूषेने ते लोकांच्या डोक्यात बसवलं. मालिकेची खरी चूक उलटी आहे: लढाईत प्रमुख पात्रं डोकं उघडं ठेवून फिरतात. नटाचा चेहरा दिसायला हवा ना!

कट्टेगाट कुठे आहे? जाता येईल का?

खरं कट्टेगाट म्हणजे डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधला समुद्र. गाव नाही, फ्योर्ड तर नाहीच, तिथला किनारा बराचसा सखल. पडद्यावरचं रॅग्नारचं गाव आयर्लंडच्या विक्लो परगण्यात उभारलं होतं. अ‍ॅशफर्डचा स्टुडिओ आणि डोंगरांत लपलेलं लॉक टे हे काळंशार तळं, ज्याला लोक गिनेस लेक म्हणतात. तळं खासगी मालकीच्या जागेत आहे, पण वरच्या रस्त्यावरून दिसतं.

आता यातला विरोधाभास. आयव्हारशी ज्याची ओळख बहुतेक जण जुळवतात तो ‘ईमार’ आयरिश नोंदींत ८७३ साली वारला, तोही आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या समस्त नॉर्स लोकांचा राजा म्हणून. त्याची सत्ता डब्लिनची. मालिकेचं चित्रीकरण डब्लिनच्या दक्षिणेला, गाडीने तासाभराच्या आत. आणि मालिका आयव्हारला कुठे पाठवते तर कीव्हला, प्रिन्स ओलेगच्या दरबारात! खरी गोष्ट दाराशी असताना हर्स्ट कीव्हला का गेला हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

आयव्हारला नेमका काय आजार होता?

गाथा त्याला हाडं नसलेला म्हणते आणि ढालींवर उचलून नेते. मालिकेने त्यावर हाडं ठिसूळ करणारा जन्मजात आजार बेतला. त्या आजारात डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग निळसर दिसू शकतो, म्हणून ‘आज तुझे डोळे फार निळे आहेत’ ही धोक्याची सूचना ठरते. लेखनातला हा तपशील मला आवडतो.

रॅग्नार गेल्यावर पुढे पाहावी का?

रॅग्नार चौथ्या सीझनच्या पंधराव्या भागात जातो. त्याआधीचा भाग, म्हातारा रॅग्नार आणि एक्बर्ट दारू पीत देव आहे की नाही यावर बोलतात तो, माझ्या मते सगळ्या ८९ मधला सर्वोत्तम. एकही लढाई नाही त्यात. पुढचा भाग तितकाच जड: साधूचा वेश घेतलेला एक्बर्ट गर्दीत उभा राहून मित्राचं मरण पाहतो.

चौथा सीझन शेवटपर्यंत बघाच. एक्बर्ट ईस्ट अँग्लिया रॅग्नारच्या मुलांना लेखी देऊन टाकतो, आणि आपल्याला कळतं की मुकुट त्याने आधीच मुलाकडे सोपवलाय, कागदाला कवडीची किंमत नाही. मग तो आपल्या रोमन स्नानगृहात स्वतःच नस कापून घेतो. तिथे थांबलात तरी मालिका पूर्ण पाहिल्याचं समाधान मिळतं.

पाचवा सीझन कंटाळवाणा आहे. भाऊ-भाऊ लढतात, बाजू बदलतात, पुन्हा लढतात. बिशप हेहमुंडचे प्रसंग बघा, फ्लोकीचं आइसलँड घाईघाईत बघा. सहाव्यात रॅग्नारचा थोरला मुलगा ब्यॉर्न याचा शेवट आणि शेवटचे तीन-चार भाग.

शेवटी उब्बे अमेरिकेत पोचतो. हे कसं?

व्हायकिंग अमेरिकेत पोचले हे पक्कं आहे. न्यूफाउंडलँडमध्ये लान्स ओ मेडोज इथे त्यांची वस्ती १९६० मध्ये सापडली आणि तिथल्या लाकडांवरून झाडं १०२१ साली तोडली गेल्याचं २०२१ मध्ये सिद्ध झालं. रॅग्नारचा मुलगा उब्बे मात्र त्याच्या दीडशे वर्षं आधीचा. म्हणजे जागा बरोबर, माणूस चुकीचा. तरी समुद्रकिनाऱ्यावर उब्बे आणि म्हातारा फ्लोकी शेजारी बसतात ती शेवटची चौकट मी कुठल्याही इतिहासकाराशी वाद घालून राखीन.

त्यांच्यापर्यंत आपल्या बाजूचं काही पोचलं होतं का?

स्वीडनच्या हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातल्या उत्खननात ब्राँझची एक छोटी बुद्धमूर्ती सापडली. घडण वायव्येकडची, स्वात खोऱ्याच्या बाजूची, साधारण सहाव्या शतकातली. हातोहात व्यापारात फिरत गेली असणार. आता स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे.

‘वल्हाला’ हा याचाच सातवा सीझन का?

नाही. ‘व्हायकिंग्ज: वल्हाला’ नेटफ्लिक्सवर २०२२ ते २०२४ मध्ये आली, ३ सीझन, २४ भाग. कथा शंभरेक वर्षांनंतरची, १००२ सालच्या डॅनिश लोकांच्या कत्तलीपासून सुरू होते. मुख्य पात्रं लेइफ एरिक्सन, फ्रेयडिस, हॅराल्ड. वेग जास्त, गप्पा कमी. मूळ मालिका न पाहताही समजते.

घरच्यांसोबत पाहता येईल?

लहान मुलं असतील तर नको. आईवडिलांसोबत पाहायची असेल तर रिमोट स्वतःजवळ ठेवा.

डबिंग लावावं की मूळ आवाज?

मूळच. दोन टोळ्या समोरासमोर आल्या की पात्रं अचानक जुन्या नॉर्समध्ये, जुन्या इंग्रजीत बोलू लागतात, पॅरिसच्या वेढ्यात फ्रँक लोकांची जुनी भाषा आणि लॅटिनही ऐकू येते. ज्या बाजूने प्रसंग पाहायचा त्या बाजूची भाषा आपल्याला कळते, समोरच्याची कळत नाही. डबिंगमध्ये सगळे एकाच भाषेत बोलले तर हे सगळं वाहून जातं. सबटायटल चालू ठेवा आणि हेडफोन लावा, रॅग्नार साकारणारा ट्रॅव्हिस फिमेल पुटपुटतो.